बिनगावाचा संघ

"या संघाला गाव नाही का गं?" अण्णांनी विचारलं.

सॅक्रामेंटो नदीकाठच्या सटर हेल्थ पार्क या बेसबॉलच्या मैदानात, आउटफिल्डच्या कुंपणापलीकडच्या गवताळ उतारावर आम्ही चादर पसरून बसलो होतो. ऑगस्ट 2025. दिवसभर चाळिशीला टेकलेलं ऊन नदीवरून वारा सुटल्यावर आत्ता कुठे नमलं होतं. अण्णा माझ्या फोनवर गुणतक्ता वाचत होते. "ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज. सिअ‍ॅटल मरिनर्स. टेक्सास रेंजर्स. आणि हे नुसतेच अ‍ॅथलेटिक्स? मु. पो. लिहिलेलंच नाही."

वडील वाई तालुक्यात पोस्टात होते. चौतीस वर्षं पत्रं वाटली. अपुरा पत्ता त्यांना अजूनही सहन होत नाही.

"आहे अण्णा, बाहीवर लिहिलाय," मी म्हटलं. अ‍ॅथलेटिक्सच्या शर्टाच्या एका बाहीवर सॅक्रामेंटोच्या पिवळ्या टॉवर ब्रिजचं चित्र आहे आणि दुसऱ्या बाहीवर लास व्हेगसचं नाव.

"म्हणजे हा तात्पुरता पत्ता आणि तो कायमचा," अण्णा म्हणाले. सरकारी फॉर्म डोळ्यांसमोर आल्यासारखं त्यांना एकदम सगळं समजलं.

ऑकलंड सोडून निघालेला हा संघ व्हेगसला पोचेपर्यंत इथे मुक्कामाला होता. मला मात्र ते समजून घ्यायला दीड वर्ष लागलं होतं.

आमच्या फ्रीमाँटहून सॅक्रामेंटोला गाडीनं जाता येतं, पण अण्णांना रेल्वे हवी होती. कॅपिटल कॉरिडॉर ही गाडी सेंटरव्हिल स्टेशनातून निघते आणि ऑकलंडमधून जाताना कोलिझियमला थांबते. म्हणजे जे मैदान संघानं सोडलं, त्याच्या दारात थांबून मग तो संघ बघायला पुढे जायचं. खिडकीतून ती काँक्रीटची अवाढव्य कढई दिसली तेव्हा माझी लेक म्हणाली, "आई, बघ, आपलं मैदान." मी पाहिलं आणि पाण्याची बाटली शोधायला पिशवीत डोकं घातलं. पुढे मात्र प्रवास झकास आहे. रिचमंडनंतर गाडी अगदी खाडीच्या पाण्याला चिकटून धावते, मार्टिनेझनंतर सामुद्रधुनीवरचा जुना रेल्वेपूल ओलांडते, मग सुसूनची दलदल, आणि डेव्हिसच्या आसपास सपाट काळी शेती. अण्णा तिथे पहिल्यांदा खूश झाले. "एवढं रान, आणि बांधावर एक माणूस नाही!"

2010 साली फ्रीमाँटला आले तेव्हा बेसबॉल मला काडीचा कळत नव्हता. कोलिझियमची तिकिटं स्वस्त होती आणि बार्ट या इथल्या लोकल रेल्वेचं स्टेशन मैदानाला पादचारी पुलानं जोडलेलं होतं, एवढ्यावरच मी अ‍ॅथलेटिक्सची झाले. मैदान 1966 चं. देखणं कधीच नव्हतं. खेळाडूंच्या खोल्यांत सांडपाणी तुंबल्याच्या बातम्या यायच्या, समालोचकांच्या खोलीत पॉसम नावाचा प्राणी राहायला आला होता. घुशीहून मोठा, मांजराहून कुरूप. पण उजव्या कोपऱ्यातल्या बाकांवर ढोल वाजवणारी मंडळी होती, आणि सातारच्या मुलीला ढोलाचा आवाज कुठल्या दिशेनं येतो हे सांगावं लागत नाही.

मग 2012 आलं. आपल्याकडे क्रिकेटच्या पानावर ज्याला लिंबूटिंबू म्हणतात, तसा तो संघ. पगारावरचा खर्च लीगमध्ये तळाच्या संघांइतका. जूनअखेर टेक्सासच्या तेरा सामने मागे. नऊ सामने उरलेले असताना अजून पाच मागे. शेवटच्या तीन लढती टेक्सासशीच, आपल्याच घरी, आणि दोन जिंकल्यावर दोघे बरोबरीत. 3 ऑक्टोबरचा तो तिसरा सामना, बुधवारी दुपारी. मी ऑफिसात दाढदुखी सांगून गेले होते. (आता तिथे नाही, म्हणून लिहिते.) सुरुवातीलाच 5-1 अशी पिछाडी. शेजारचे आजोबा हिरवी टोपी डोळ्यांवर ओढून बसले. मग बरोबरी झाली, आणि टेक्सासचा जॉश हॅमिल्टन, त्या काळातला केवढा मोठा खेळाडू, त्याच्या हातून सेंटर फील्डमध्ये एक साधा झेल सुटला. दोन धावा. पुढचं सगळं मला नुसता आवाज म्हणून आठवतं. 12-5. टेक्सास जवळजवळ अख्खा हंगाम पहिल्या क्रमांकावर होतं, आणि ऑकलंडनं त्यांना एकट्यानं मागे टाकलं ते नेमकं शेवटच्या दिवशी. पुढच्या फेरीत डेट्रॉइटनं आम्हाला पाचव्या सामन्यात घरी बसवलं, पण त्याचं काय एवढं! टोपीवाल्या आजोबांनी मला मिठी मारली होती. नाव विचारायचं राहिलं.

या क्लबला अशा गोष्टींची परंपराच होती. 2002 मध्ये न्यूयॉर्क यांकीजचा पगारखर्च ऑकलंडच्या तिप्पट होता, तरी ऑकलंडनं सलग 20 सामने जिंकले. विसाव्यात 11-0 अशी आघाडी घालवून 11-11 झाले आणि मग स्कॉट हॅटबर्गच्या होमरननं, म्हणजे आपल्या षटकारासारख्या फटक्यानं, सुटले. संघाचा जनरल मॅनेजर बिली बीननं आकडेमोड करून, इतरांनी टाकून दिलेले खेळाडू वेचून तो संघ उभा केला होता. जगभर त्याचं कौतुक झालं. मला त्या कौतुकाची आता थोडी चीड येते. काटकसर ही गरज होती तोवर ठीक. पुढे मालकांना तिची चटक लागली. कोंड्याचा मांडा करणाऱ्या सुनेचं नाव होतं आणि मग घरात पीठ आणणंच बंद होतं, तसं. 2023 च्या संघानं 112 सामने हरले. चांगले खेळाडू एकेक करून दुसरीकडे पाठवले होते. तिकिटं महाग केली होती. मग मैदान रिकामं दिसायला लागलं, आणि रिकामं मैदान दाखवून, बघा, या गावात कुणाला हौसच नाही, असं म्हणता यायला लागलं.

13 जून 2023 च्या रात्री आम्ही सगळे मुद्दाम गेलो. बहिष्कार घालून कुणाला फरक पडत नव्हता, म्हणून उलटा बहिष्कार. 27,759 माणसं. हिरव्या टीशर्टवर एकच शब्द, 'विका'. ठरल्याप्रमाणे पाचव्या इनिंगच्या पहिल्या बॅटरला सगळं मैदान गप्प बसलं. एवढी माणसं एकाच वेळी गप्प बसली की हवेचा आवाज येतो, हे मला त्या दिवशी कळलं. तो बॅटर संपला आणि सगळ्यांनी एका सुरात मालक जॉन फिशर यांना संघ विकायला सांगितलं. सामना जिंकलो. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटनं लास व्हेगसच्या स्टेडियमसाठी 38 कोटी डॉलर सरकारी पैशांचं विधेयक मंजूर केलं.

दोन दिवसांनी लीगचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड बोलले. एका रात्रीपुरती का होईना, मैदानात जवळपास सरासरीइतकी गर्दी दिसली हे छान झालं, अशा अर्थाचं काहीतरी. मी ते बार्टमध्ये वाचलं आणि उतरायचं स्टेशन चुकले.

आता हे गवतावर बसून अण्णांना सांगत होते, तर ते मध्येच म्हणाले, "हा कमिशनर म्हणजे कोण? सरकारचा माणूस?"

नाही. आणि मला वाटतं सगळी मेख इथेच आहे. 1919 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेत, पैसे खाऊन हरल्याचं प्रकरण झालं तेव्हा घाबरलेल्या मालकांनी 1920 मध्ये न्यायाधीश लँडिस यांना पहिला कमिशनर नेमलं. कोर्टात शिक्षा न झालेल्या आठ खेळाडूंना त्यांनी कायमचं बाहेर काढलं. खेळाडूंवर दरारा होता, पण नेमणूक मालकांचीच. पुढे बड सेलिग आले, ते तर स्वतःच मिलवॉकी संघाचे मालक. त्यांच्याच काळात 1994 चा संप चिघळला आणि वर्ल्ड सिरीज झालीच नाही. मॅनफ्रेड 2015 पासून. त्यांनी पिचरला ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायचं घड्याळ लावलं हे मला मान्य आहे, 2023 पासून सामने वीस-पंचवीस मिनिटांनी आटोपशीर झाले आणि आता लेक शेवटपर्यंत जागी राहते. पण घड्याळ लावणं वेगळं. त्यांना निवडतात तीस मालक, आणि 16 नोव्हेंबर 2023 ला ऑकलंड सोडायला परवानगी द्यायची का, यावर मत दिलं तेही त्याच तीस मालकांनी. 30 विरुद्ध 0.

लहानपणी लपंडावात धाकट्या भावंडाला आपण लिंबूटिंबू म्हणून घ्यायचो. त्यानं धावायचं, ओरडायचं, मजा करायची, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याला कुणी विचारत नाही. लीगमध्ये ती जागा दुबळ्या संघाची असते अशी माझी समजूत होती. तसं नाही. दुबळ्या संघाच्या मालकाला तिथे एक पूर्ण मत असतं, यांकीजइतकंच. लिंबूटिंबू म्हणजे आम्ही, उजव्या कोपऱ्यातल्या बाकांवरचे.

"आमच्या बावधनचं बगाड उद्या कुणी पाचगणीला नेलं तर?" अण्णा म्हणाले. "तिथे हॉटेलं आहेत, गिऱ्हाईक आहे म्हणून."

"बगाडाला मालक नाही, अण्णा."

"तेच म्हणतोय मी."

मग ते चादरीवर आडवे झाले आणि सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळं मैदान गाणं म्हणायला उभं राहिलं तेव्हाच उठले. एक मात्र कबूल करते. निक कर्ट्झ नावाचा बावीस वर्षांचा पोरगा खेळायला आला की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. त्यानं जुलैच्या 25 तारखेला ह्यूस्टनमध्ये एकाच सामन्यात चार होमरन मारले होते. त्याचा काय दोष? तो ऑकलंडचा कधी नव्हताच. लेक त्याच्या नावानं ओरडत होती, मी हाताची घडी घालून बसले होते, आणि ती घडी सोडावी की नाही हे मला सामना संपेपर्यंत ठरवता आलं नाही. या संघाचे आजवरचे पत्ते असे: फिलाडेल्फिया, कॅन्सस सिटी, ऑकलंड, सॅक्रामेंटो, पुढे व्हेगस. फिलाडेल्फियाच्या एखाद्या म्हाताऱ्यानं 1954 नंतर अशीच घडी घातली असेल, आणि माझ्या ऑकलंडच्या आनंदाकडे बघून तोंड फिरवलं असेल. हे आधी कधी सुचलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात अण्णांना ऑकलंडला नेलं. बार्टनं वेस्ट ऑकलंडला उतरून चालत रायमंडी पार्क. रस्ता फार काही सुंदर नाही. गोदामं, ट्रक, रिकामे प्लॉट. याच भागात 1989 च्या भूकंपात दुमजली सायप्रस महामार्ग कोसळून 42 माणसं गेली. ऑकलंडची शेवटची विजेतेपदाची वर्ल्ड सिरीज त्याच भूकंपानं मध्येच थांबवली होती. मैदानाशेजारी सोळाव्या रस्त्याचं जुनं रेल्वे स्टेशन उभं आहे, 1912 चं, कमानदार, बंद. अण्णा तिथे बराच वेळ थांबले. बंद स्टेशन बघून पोस्टातल्या माणसाला काय वाटतं हे मी विचारलं नाही.

इथे ऑकलंड बॉलर्स खेळतात. अ‍ॅथलेटिक्स जाणार हे दिसल्यावर 2023 मध्ये इथल्याच दोन बालमित्रांनी काढलेला संघ, पायोनियर लीगमधला. ही लीगही टाकून दिलेलीच. 2020 च्या शेवटी मोठ्या लीगनं आपल्या छायेतले चाळीसेक छोटे संघ कमी केले, तेव्हापासून ती स्वतःच्या पायावर उभी आहे. मोंटाना, आयडाहोमधली लहान लहान गावं. बरोबरी झाली तर जादा इनिंग नाही, होमरनची चढाओढ लावून निकाल. बॉलर्समध्ये दोन हजारांहून जास्त चाहत्यांनी पैसे घालून भाग घेतलाय. माझाही एक बारीकसा आहे. नवऱ्यानं त्याला गुंतवणूक म्हणायला साफ नकार दिला.

शुभंकर कोण, तर पॉसम! स्क्रॅपी त्याचं नाव. समालोचकांच्या खोलीतला तो कुरूप जीव गावानं आपल्याबरोबर आणला. आणि ढोलही होते. मी कठड्याला धरून उभी राहिले. लेक पुढे पळाली. अण्णांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "ताल चुकतोय. पण मनापासून चुकतोय."

बॉलर्सवर मी आंधळी नाही. सप्टेंबरमध्ये त्यांनी एका सामन्याचे डावपेच कॉम्प्युटरकडे सोपवले, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या. खेळाचा दर्जाही मोठ्या लीगचा नाही. त्या रात्री एका पोरानं साधा चेंडू पायांमधून सोडला तेव्हा अण्णांनी डोळे मिटून घेतले. पण मागच्या बाकावरच्या बाई त्या पोराला नावानं ओळखत होत्या. त्याला जेवण कुठे मिळतं तेही त्यांना माहीत होतं.

निघताना अण्णांनी दुकानातून टोपी घेतली. स्वतःच्या पैशांनी, दोनदा किंमत विचारून. पुढे इंग्रजी बी.

सप्टेंबरच्या 21 तारखेला बॉलर्सनी आयडाहो फॉल्सला हरवून पायोनियर लीग जिंकली. मालिका 3-2. 1989 नंतर ऑकलंडला बेसबॉलमधलं हे पहिलं विजेतेपद. अण्णा तोवर गावी परतले होते. मी व्हिडिओ कॉल लावला तर ते टोपी घालून ओट्यावर बसलेले, शेजारी दोन-तीन म्हातारी मंडळी.

"अण्णा, जिंकलो आपण."

"कळलं. नातीचा मेसेज आला मघाशी." मग आवाज बारीक करून म्हणाले, "अगं, हे सगळे विचारतात टोपीवरचा बी कशाचा."

"मग काय सांगितलंत?"

"बावधनचा."