हिमनदीच्या पायथ्याशी उबदार पाणी

विद्यापीठाच्या संशोधन निधीतून आर्क्टिकला गेलेल्या आमच्या छोट्या तुकडीचा मुक्काम नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील नी-ओलेसुंद येथे, २००८ साली सुरू झालेल्या ‘हिमाद्री’ या भारतीय केंद्रात होता. तेथील वेधशाळा क्वेसारांचे, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांचे, क्षीण रेडिओ संकेत टिपत असल्यामुळे वस्तीत वाय-फाय आणि ब्लूटूथला बंदी आहे. ही शिस्त मला तरी मानवली.

ऑगस्टमधल्या त्या दिवशी आम्ही बोटीने काँग्सफियॉर्ड या जमिनीत खोल शिरलेल्या समुद्रफाट्याच्या (फियॉर्डच्या) आतल्या टोकाला, क्रोनेब्रीन हिमनदीसमोर गेलो. कडा कोसळली की मोठ्या लाटा उठतात, म्हणून बोटचालकाने बरेच अंतर राखले, आणि अशा बाबतीत त्याचाच शब्द अखेरचा असतो. हिमनदीखालचे वितळपाणी जेथे उसळून वर येत होते, तेथे किटीवेक पक्ष्यांची झुंबड उडाली होती, कारण त्या प्रवाहाबरोबर सूक्ष्म प्राणीही वर फेकले जातात. तांबड्या वालुकाश्माच्या गाळाने ते पाणी पावसाळ्यातल्या सावित्री नदीसारखे लालसर दिसत होते.

तापमान, क्षारता व खोली नोंदवणारे उपकरण आम्ही तळापर्यंत सोडले. त्यानंतर पाण्याच्या नमुन्यासाठी दोराला बांधलेली बाटली हव्या त्या खोलीवर नेऊन वरून पितळी वजन सोडले. ते आदळले की झाकणे मिटतात, आणि त्याचा बारीकसा झटका दोर धरलेल्या हाताला जाणवतो.

संध्याकाळी केबल जोडून नोंदी उतरवल्या, तेव्हा पृष्ठभागाजवळ दोन अंशांच्या आसपास असलेले तापमान खोलात चार अंशांच्या वर गेलेले दिसले. अटलांटिकमधून येणारे हे पाणी उबदार असले तरी खारट, म्हणून जड असते. फियॉर्डच्या मुखाशी त्याला अडवणारा उंबरठा, म्हणजे समुद्रतळावरचा ठळक उंचवटा, नसल्यामुळे ते गोड्या, थंड थराखालून थेट आत शिरते आणि बर्फाची कडा पाण्याखालून पोखरते. हे पुस्तकात वाचलेले होते; पण आपल्याच उपकरणाच्या आलेखात ते उमटलेले पाहून मी जेवणाची वेळही विसरलो. हिमनद्यांबद्दल बोलताना केवळ हवेच्या तापमानावर बोट ठेवणे मला तेव्हापासून अपुरे वाटते.

नमुने गाळणे मात्र राहिले होते. गाळामुळे गाळणकागद दर थोड्या वेळाने तुंबत असल्याने ते काम मध्यरात्र उलटून गेल्यावर, लख्ख उन्हात संपले.