उबुंटूवर नवा पायथॉन, जुन्याला धक्का न लावता

उबुंटू 22.04 या लिनक्समध्ये पायथॉन (प्रोग्रामिंगची भाषा) 3.10 आधीपासूनच असतो. प्रोजेक्टला 3.12 हवा म्हटलं की बरेच जण नवा पायथॉन टाकतात, अपडेट-अल्टरनेटिव्ह्जने (एका नावाला कुठला प्रोग्राम जोडायचा ते ठरवणारी कमांड) '/यूएसआर/बिन/पायथॉन3' त्याच्याकडे वळवतात आणि मोकळे होतात. मग ऍप्ट (पॅकेजेस टाकणारं-काढणारं उबुंटूचं हत्यार) अपडेट करताना 'नो मॉड्यूल नेम्ड ऍप्ट अंडरस्कोअर पीकेजी' अशी बोंब सुरू होते आणि ग्नोम टर्मिनलवर क्लिक केलं तर काहीच उघडत नाही.

कारण साधं आहे. उबुंटूची स्वतःची बरीच हत्यारं पायथॉनमध्ये लिहिलेली आहेत. 22.04 मध्ये तर टर्मिनल उघडणारी फाइलसुद्धा पायथॉन स्क्रिप्टच आहे. ही सगळी मंडळी '/यूएसआर/बिन/पायथॉन3' म्हणजे 3.10 असं धरून चालतात, आणि त्यांना लागणारी कंपाइल केलेली मॉड्यूल्स 3.10 साठीच बांधलेली असतात. 3.12 ला ती दिसतच नाहीत. हे आधीच करून बसला असाल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून साध्या कन्सोलवर लॉगिन करा आणि 'सुडो एलएन -एसएफ पायथॉन3.10 /यूएसआर/बिन/पायथॉन3' चालवा. गाडी रुळावर येते. (कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.) 'ऍप्ट रिमूव्ह पायथॉन3' मात्र चुकूनही नको, सोबत अख्खा डेस्कटॉप जातो.

उबुंटूवर सोपा रस्ता हवा असेल तर डेडस्नेक्सचा पीपीए (उबुंटूच्या मूळ संचाबाहेरच्या पॅकेजेसचा साठा) आहे. तो जोडून 'पायथॉन3.12' आणि 'पायथॉन3.12-व्हीएन्व्ह' (व्हीएन्व्ह म्हणजे एका प्रोजेक्टपुरता वेगळा पायथॉन) ही दोन पॅकेजेस घ्या, काम झालं. पण डेबियन असेल, किंवा सर्व्हरवर बाहेरचा पीपीए चालत नसेल, तर सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, बांधणं उत्तम. त्यात अवघड काही नाही, फक्त क्रम पाळायचा.

आधी हेडर फाइल्स, म्हणजे बांधणीच्या वेळी लायब्ररींची ओळख करून देणाऱ्या फाइल्स. सुडो ऍप्ट इन्स्टॉल करून ही पॅकेजेस घ्या: बिल्ड-इसेन्शियल, लिबएसएसएल-डेव्ह, झेडलिब1जी-डेव्ह, लिबएफएफआय-डेव्ह, लिबबीझेड2-डेव्ह, लिबएलझेडएमए-डेव्ह, लिबएसक्यूलाइट3-डेव्ह, लिबरीडलाइन-डेव्ह आणि टीके-डेव्ह. यातलं बरंचसं नसलं तरी कॉन्फिगर (बांधणीआधी मशीनवर काय काय आहे ते तपासणारी स्क्रिप्ट) थांबत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. पायथॉन व्यवस्थित बांधला जातो, फक्त अर्धवट. लिबएसएसएल नसेल तर एसएसएल मॉड्यूल नाही, म्हणजे पिप (पायथॉनची पॅकेजेस आणणारं हत्यार) एकही पॅकेज उतरवू शकत नाही. लिबएफएफआय नसेल तर सीटाइप्स (सी भाषेतल्या लायब्ररी वापरू देणारं मॉड्यूल) नाही, मग पुढे कधीतरी भलतीच लायब्ररी इम्पोर्ट करताना एरर येते आणि आपण त्या लायब्ररीला शिव्या घालत बसतो. झेडलिब नसेल तर निदान इन्स्टॉलच शेवटी आपटतं. रीडलाइन नसेल तर प्रॉम्प्टवर वरचा बाण दाबला की मागची ओळ येण्याऐवजी विचित्र चिन्हं उमटतात.

आता पायथॉन डॉट ऑर्गवरून 3.12 चा सोर्स घ्या. टार-एक्सझेड फाइल साधारण 20 एमबीची आहे. ती उलगडून त्या फोल्डरमध्ये जा आणि कॉन्फिगर असं चालवा: './कॉन्फिगर --प्रीफिक्स=/ऑप्ट/पायथॉन3.12 --एनेबल-ऑप्टिमायझेशन्स'.

प्रीफिक्स, म्हणजे पायथॉन कुठल्या फोल्डरमध्ये बसवायचा ते, टाळू नका. तो दिला नाही तर सगळं '/यूएसआर/लोकल'मध्ये विखुरतं, आणि पायथॉनच्या मेकफाइलमध्ये अनइन्स्टॉल नावाचा प्रकारच नाही. एकेक फाइल शोधून काढत बसावं लागतं. वेगळ्या फोल्डरमध्ये असेल तर फोल्डर उडवला की पायथॉन गेला. ऑप्टिमायझेशन्सचा पर्याय ऐच्छिक आहे. त्यात आधी एकदा बांधणी होते, मग टेस्ट चालवून कोडचा कुठला भाग जास्त वापरला जातो ते मोजलं जातं, आणि मग पुन्हा बांधणी. वेळ कितीतरी पट लागतो. सर्व्हरवर कायम राहणार असेल तर द्या, नुसता करून बघायचा असेल तर सोडा.

नंतर 'मेक -जे4' (प्रत्यक्ष बांधणी हीच कमांड करते), इथे 4 च्या जागी आपल्या प्रोसेसरचे कोअर. हे संपलं की शेवटच्या पंधरा-वीस ओळी वाचाच. 'द नेसेसरी बिट्स टू बिल्ड दीज ऑप्शनल मॉड्यूल्स वेअर नॉट फाउंड' असं म्हणून खाली नावांची यादी येते. तिच्यात एसएसएल, सीटाइप्स किंवा एसक्यूलाइट दिसलं तर पुढे जाऊ नका. राहिलेलं डेव्ह पॅकेज टाका, 'मेक क्लीन' करा आणि कॉन्फिगरपासून पुन्हा सुरू करा. नुसतं मेक परत चालवून भागत नाही, कारण काय सापडलं आणि काय नाही हे कॉन्फिगरनेच आधी लिहून ठेवलेलं असतं. यादीत डीबीएमसारखं काही असेल तर बहुतेकांना त्याने फरक पडत नाही.

यादी साफ झाली की 'सुडो मेक ऑल्टइन्स्टॉल'. साधं इन्स्टॉल 'पायथॉन3' या नावाचा दुवाही तयार करतं, ऑल्टइन्स्टॉल फक्त 'पायथॉन3.12' आणि 'पिप3.12' ठेवतं. प्रीफिक्स वेगळा असल्यामुळे दोन्हींत तसा धोका नाही, पण ऑल्टइन्स्टॉलचीच सवय बरी. मग ही एक ओळ चालवून बघा: '/ऑप्ट/पायथॉन3.12/बिन/पायथॉन3.12 -सी "इम्पोर्ट एसएसएल, एसक्यूलाइट3, सीटाइप्स, एलझेडएमए, बीझेड2, रीडलाइन, टीकिंटर"'. काहीही न छापता प्रॉम्प्ट परत आला की सगळं जागेवर आहे.

पाथ (कमांड जिथे शोधली जाते त्या फोल्डर्सची यादी) बदलायची गरजच नाही. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन '/ऑप्ट/पायथॉन3.12/बिन/पायथॉन3.12 -एम व्हीएन्व्ह .व्हीएन्व्ह' आणि मग 'सोर्स .व्हीएन्व्ह/बिन/ऍक्टिव्हेट'. आता साधं 'पायथॉन' म्हटलं की 3.12 मिळतो, आणि टर्मिनलची दुसरी खिडकी उघडलीत तर तिथे उबुंटूचा 3.10 तसाच असतो. पिपच्या आधी सुडो लावू नका. सुडो स्वतःचा पाथ वापरतो, त्यामुळे पॅकेज भलत्याच पायथॉनमध्ये जाऊन पडतं. डेबियन 12 किंवा उबुंटू 24.04 वर सिस्टिमचा पिप 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट' म्हणून अडवतो तो याचसाठी. तिथे 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' हा पर्याय सुचवणारी उत्तरं ढिगाने सापडतील. पर्यायाचं नावच पुरेसं बोलकं आहे.

प्रोजेक्टचा फोल्डर दुसरीकडे हलवला तर व्हीएन्व्ह मोडतो, कारण आतल्या स्क्रिप्ट्समध्ये पूर्ण पाथ लिहिलेला असतो. हलवण्याआधी 'पिप फ्रीझ'ने यादी काढून ठेवा आणि नव्या जागी व्हीएन्व्ह नव्याने बनवा. 3.12 ची नवी दुरुस्ती आवृत्ती आली तर त्याच प्रीफिक्सवर बांधली तरी जुने व्हीएन्व्ह चालत राहतात. 3.13 साठी मात्र नवा फोल्डर आणि नवा व्हीएन्व्ह लागतो.