पार्ट धुण्याचा माल: आमची वाटचाल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनाचं बोअरिंग करणाऱ्या शेडमध्ये मी हाताला वळण लावून घेतलं. इंजिन उघडलं की आधी धुणं, आणि धुणं म्हणजे रॉकेल. घमेल्यात निळं रॉकेल, झिजलेला रंगाचा ब्रश, पुसायला कॉटन वेस्ट. सगळ्या पोरांच्या बोटांना भेगा असायच्या, कारण रॉकेल ग्रीसबरोबर कातडीचं तेलही ओढून घेतं. ३८ अंशांच्या आसपास त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली तेवढी उष्णता रोजचीच, आणि शेजारी वेल्डिंग चालू. पेट्रोलनं धुणारे तर जिवावर उदार झालेले. प्लेटिंगवाले सीटीसी (कार्बन टेट्राक्लोराइड) आणि टीसीई (ट्रायक्लोरोइथिलीन) ही ग्रीस विरघळवणारी रसायनं वापरायचे. सीटीसी लिव्हर खातं आणि ओझोनचा थरही. मॉन्ट्रिअल करारामुळे २०१० पासून ते धुलाईसाठी मिळेनासं झालं. टीसीईनं कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय, तरी मागणारे अजून मागतात.

ही पोकळी बघून आम्ही पाण्यावर चालणारा डीग्रीझर, म्हणजे ग्रीस काढणारा माल, काढला. आम्ही म्हणजे मी आणि माझा मावसभाऊ. तो केमिस्ट्री शिकलेला, मी पान्यावर वाढलेला. सोडा ॲश, सोडियम मेटासिलिकेट, सर्फॅक्टंट (साबणासारखं तेल सोडवणारं), थोडं ब्युटाइल सेलोसॉल्व्ह (ग्रीस विरघळवणारं) आणि गंज धरू नये म्हणून इनहिबिटर. सामान काही गुपित नाही, प्रमाण आमचं. त्यातलं सिलिकेट महत्त्वाचं, कारण ते ॲल्युमिनियमवर पातळ थर धरतं आणि सोड्याला धातूपर्यंत पोचू देत नाही. भाऊ याच्यावर अडून बसला होता. पुढे तो नोकरीसाठी बाहेर गेला, पण त्यानं ठरवलेलं प्रमाण आम्ही आजवर हलवलेलं नाही.

पहिली वर्षं बरी गेली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही.

मग आमच्याच एका वितरकानं घात केला. नाव लिहीत नाही, उद्यमनगरात सगळ्यांना माहीत आहे. वर्षभर आमचा माल विकला, कुठल्या गॅरेजला किती कॅन लागतात ते वहीत उतरवून घेतलं, आणि एक दिवस त्याच आकाराच्या कॅनमध्ये त्याच नारिंगी रंगाचं पाणी निम्म्या भावात आणलं. आत काय? कॉस्टिक सोडा, रंग आणि लिंबाचा वास. लोखंडाचा पार्ट त्यात झकास निघतो, म्हणून मेस्त्री खूश. पण बुलेटच्या इंजिनाची केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, आणि पिस्टन, सगळं ॲल्युमिनियम. कॉस्टिकमध्ये ते बुडबुडे सोडायला लागतं आणि वर येतं तेव्हा काळं पडलेलं असतं. घरी हौसेनं जुनी येझदी उघडणाऱ्या पोरांनी रात्रभर केसिंग भिजत टाकली आणि सकाळी रडायची वेळ आली.

बोंब मात्र आमच्या नावानं झाली! कॅन सारखे, रंग सारखा. ‘पाण्याचा माल पार्ट खातो’ एवढंच गावभर झालं. ज्यांनी कधी त्याचा माल घेतला नव्हता त्यांनीही आमचे कॅन परत पाठवले. उधारी अडकली, बँकेचा हप्ता थकला, बायकोच्या बांगड्या सोसायटीत गहाण गेल्या. तो माणूस त्याच महिन्यात नवीन गाडीतून दुकानासमोरून गेला. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

त्या काळात एकाच गिऱ्हाइकानं पाठ फिरवली नाही. लक्ष्मीपुरीकडचे गॅरेजवाले मामा. नात्यानं मामा नव्हेत, सगळा बाजार त्यांना मामा म्हणतो. त्यांनी काय केलं, गॅरेजच्या दारात स्टूल टाकलं, त्यावर स्टीलचे दोन पेले ठेवले. एकात त्या वितरकाचा माल, एकात आमचा. चपाती गुंडाळायची चांदीसारखी फॉइल असते, तिचे दोन तुकडे कापून आत सोडले. त्याच्या पेल्यात लगेच फेस आला, पेला गरम झाला, फॉइलची जाळी झाली आणि थोड्या वेळात ती दिसेनाशी झाली. आमच्या पेल्यातली संध्याकाळपर्यंत होती तशी. येईल त्याला दाखवायचे, म्हणायचे, ‘डोळ्यानं बघ की लेका, ऐकीव बोलू नगंस.’ पुढच्या मालाचे पैसेही त्यांनी आधीच हातात ठेवले. त्या पैशातून सर्फॅक्टंटचा ड्रम आला आणि कारखाना चालू राहिला.

नवा कॅन कोणाचाही असो, आमचासुद्धा, फॉइल टाकून बघितल्याशिवाय त्यात केसिंग बुडवू नका. हातात रबरी मोजे आणि डोळ्यावर चष्मा असू द्या.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं. गाड्या गाळात उभ्या होत्या, इंजिनातलं ऑइल पाणी मिसळून दुधाळ झालेलं. तेव्हा रॉकेल शोधत कोण बसणार? आमच्या शेडसमोर रांग लागली, आणि त्या रांगेत आमचे कॅन परत पाठवणारेही होते. आम्ही भाव वाढवला नाही.

घरी करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की माल गार पाण्यात वापरून नावं ठेवू नका. ५० ते ६० अंशांचं पाणी हवं, तेव्हाच ग्रीस मऊ पडतं. आधी खरवडणीनं जाड थर काढा, मग पार्ट वीसेक मिनिटं भिजवा. ॲल्युमिनियमला नायलॉनचा ब्रश, फार तर पितळी. पोलादी तारेचा अजिबात नको. धुतल्यावर साध्या पाण्यातून काढून लगेच हवा मारा आणि लोखंडाला तेलाचा हात द्या, नाहीतर बघता बघता तांबूस गंज येतो. कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा डिंक आमच्या मालानं निघत नाही, हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. त्याला कार्ब क्लीनरच लागतो, तोही मोकळ्या हवेत आणि रबराचे भाग काढून. ओ-रिंगवाली चेन पेट्रोलनं धुऊ नका, रबर खराब होतं. धुण्याच्या टाकीवर तरंगणारं ऑइल गटारात सोडलं तर शेवटी पंचगंगेतच जातं, म्हणून ते डब्यात साठवून जुनं ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाला द्या.

काळी पडलेली केसिंग घेऊन लोक अजून येतात. वरचा काळेपणा बफिंगनं जातो, पण खाल्लेला धातू परत येत नाही. गॅस्केट (जोडातून ऑइल गळू नये म्हणून घालायची पट्टी) बसायची जागा थोडी खाल्ली असेल तर सरफेस प्लेटवर, म्हणजे एकदम सपाट पाटावर, लॅपिंग करून, म्हणजे बारीक घासून, सपाट होते. ती प्लेट आमच्या शेडमध्ये दारालगत ठेवली आहे. माल कोणाचाही वापरलेला असो, लॅपिंगचे पैसे आम्ही घेत नाही.