उलटी झाकणं

काम वरवर साधं होतं. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं ढिगातून उचलून सगळी एकाच तोंडानं पुढे पाठवणारं यंत्र आखायचं. संकल्पनांसाठी दोन दिवस मिळाले, ही चैनच. एरवी वरच्यांना पहिल्याच बैठकीत पडद्यावर थ्रीडी मॉडेल गरगरताना दिसायला हवं असतं.

६-३-५ पद्धतीनं बसलो. सहा जण, पाच मिनिटांत प्रत्येकी तीन कल्पना, मग कागद शेजाऱ्याकडे. अर्ध्या तासात १०८ चौकटी भरल्या, पण निम्म्यांहून जास्त चौकटींत उलटं झाकण ओळखायला कॅमेरा आणि ते उडवायला हवेचा झोत. चूक माझीच. 'नुसता अंदाज यावा' म्हणून सुरुवातीला मी तसलंच एक यंत्र दाखवलं होतं. नमुना समोर ठेवला की माणसं त्याच्याभोवतीच घुटमळतात, हे जॅन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी १९९१ मध्ये प्रयोगांतून दाखवलंय. नवीन मुलांना हे मीच शिकवतो!

दुसऱ्या दिवशी निवडक पाच पर्याय प्यू तक्त्यात मांडले. एक पर्याय आधार धरायचा, बाकीच्यांना त्याच्या तुलनेत अधिक, उणे किंवा सारखं. कॅमेऱ्याचा पर्याय एकानं रात्री जागून कॅडमध्ये काढून आणलेला, रंग-सावल्यांसकट. सगळ्यात नवख्या मुलीचा कागद म्हणजे पेन्सिलीची गिचमिड: जवळजवळ उभा पट्टा, त्यावर आडव्या पट्ट्या, दोन वर्तुळं. 'खात्रीशीरपणा'ला मी उणे दिलं, 'देखभाल'लाही. कुणी हटकलं नाही.

दुपारी अहवालासाठी पाचही चित्रं एकाच पेनानं, एकाच मापात पुन्हा काढायला घेतली. तिच्या चित्रातली आडवी पट्टी झाकणाच्या उंचीहून अरुंद होती. प्रमाण चुकलं असेल म्हणून मी ती रुंद करायला लागलो.

"सर, ती तेवढीच हवी," ती मागून म्हणाली. "झाकणाचं वजन बंद बाजूकडे जास्त. बंद बाजू पट्ट्याला टेकली तर वजन पट्टीच्या आत राहतं, झाकण वर जातं. उलटं असेल तर वजन कडेबाहेर जातं आणि ते आपोआप खाली पडतं."

"अगं, मग काल बोलली का नाहीस?"

"लिहिलंय, सर."

खरंच. कोपऱ्यात बारीक अक्षरात: 'गुरुत्वमध्य बाहेर'.

ना कॅमेरा, ना झोत. तत्त्व नवं नाही. अशी यंत्रं जुनीच आहेत आणि मला ती आठवायला हवी होती. तिनं मात्र ती पाहिलेली नव्हती.

संध्याकाळी एकाच पेनातल्या पाच चित्रांवर पुन्हा गुण दिले. तिची दोन्ही उणे अधिक झाली. कॅमेरावाला रुसला. त्याचंही बरोबर आहे, रात्र वाया गेली बिचाऱ्याची.

परवा कपाटातून मागच्या प्रकल्पांच्या फायली काढल्या. तक्ते सगळे जागच्या जागी, माझ्याच अक्षरात. मूळ रेखाटनं एकाही फायलीत नाहीत. तक्ता भरला की ती आम्ही टाकून देतो.