पंख, पदर की पाखर

बायबलच्या जुन्या करारातल्या रूथच्या पुस्तकाचे अवघे चार अध्याय आहेत. गेले वर्षभर मी ते मूळ हिब्रूवरून मराठीत आणण्याचा प्रयत्न करते आहे, आणि तिसऱ्या अध्यायाच्या नवव्या वचनापाशी मी जितके दिवस अडकले, तितकी दुसरीकडे कुठेच अडकले नाही. प्रसंग साधा आहे. जवाची मळणी झालेली आहे, रात्री खळ्यावर उपणणी करून, जेवूनखाऊन शेताचा धनी बवाज धान्याच्या राशीशेजारी झोपलेला आहे. मध्यरात्री तो दचकून जागा होतो, तो पायांशी एक स्त्री. ‘कोण आहेस तू?’ असे तो विचारतो आणि ती म्हणते, ‘मी आपली दासी रूथ. आपला कानाफ या दासीवर पसरा, कारण आपण सोडवणूक करणारे नातलग आहात.’ सोडवणूक करणारा नातलग म्हणजे कुळातल्या निराधारांना आधार देण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते असा जवळचा आप्त.

कानाफ म्हणजे पाखराचा पंख, आणि कानाफ म्हणजेच वस्त्राचा काठ. खळ्यावरच्या त्या वाक्यात अर्थ वस्त्राचा आहे, आणि वस्त्राचा काठ पसरणे म्हणजे विवाहाने आपलेसे करणे. यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायात परमेश्वर यरुशलेमेविषयी हाच शब्दप्रयोग करतो. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. आधीच्या अध्यायात, शेतात सरवा वेचणाऱ्या या परक्या मवाबी विधवेला बवाजने आशीर्वाद दिला होता की, इस्राएलाचा देव परमेश्वर, ज्याच्या पंखांखाली तू आश्रयाला आली आहेस, तो तुला पुरेपूर प्रतिफळ देवो. तिथेही शब्द कानाफच. म्हणजे रूथ रात्रीच्या अंधारात बवाजला त्याचाच शब्द परत देते आहे: देवाच्या पंखांविषयी आपण बोललात, आता ते पंख आपणच व्हा. अनुवादात पहिल्या ठिकाणी ‘पंख’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘वस्त्र’ असे लिहिले की दोन्ही वाक्ये आपापल्या जागी बरोबर राहतात आणि त्यांच्यामधला धागा मात्र तुटतो. माझ्या दृष्टीने तो धागा हेच या पुस्तकाचे हृदय आहे.

आपल्या अलंकारशास्त्राने अशा वेळी वापरायला फार नेमके शब्द दिले आहेत. उपमेय, उपमान आणि साधारण धर्म, म्हणजे त्या दोहोंतला समान गुण. ‘मुखचंद्र’ म्हणताना साधारण धर्म सांगावा लागत नाही, कारण कवी आणि वाचक दोघेही एकाच आकाशाखाली वाढलेले असतात. हिब्रू कवीनेही तो सांगितलेला नाही. त्याचा श्रोता त्याच डोंगरउतारावरचा होता. अनुवादकाच्या वाट्याला उपमान येते, उपमेय येते आणि साधारण धर्माची जागा रिकामी येते. ती जागा मराठी वाचक आपल्या अनुभवाने भरतो, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

नाकाचे उदाहरण घ्या. हिब्रूत ‘आफ’ म्हणजे नाक आणि ‘आफ’ म्हणजेच राग. कोणी रागावला तर त्याचे नाक पेटले असे म्हणतात. सीनाय पर्वतावर परमेश्वर मोशेपुढून जाताना स्वतःचे वर्णन करतो त्यात ‘एरेख अप्पायिम’ असे शब्द आहेत. अक्षरशः अर्थ ‘लांब नाकाचा’, आशय ‘ज्याला लवकर राग येत नाही असा’. उलट, नीतिसूत्रांच्या चौदाव्या अध्यायात ‘आखूड नाकाचा’ माणूस मूर्खपणा करतो असे म्हटले आहे. रागात श्वास भराभर चालतो, नाकपुड्या फुगतात, चेहरा तापतो. हा अनुभव आपलाही आहे, म्हणूनच आपणही ‘याच्या नाकावर राग’ असे म्हणतो. हे साम्य प्रथम ध्यानात आले तेव्हा मला फार आनंद झाला. नीतिसूत्रांतल्या त्या ओळीसाठी मी ‘ज्याच्या नाकावर राग, त्याच्या हातून मूर्खपणा घडतो’ असे लिहिले आणि अजूनही ते मला योग्य वाटते, कारण नीतिसूत्र हे ओसरीवर बसून सांगायचे बोलणे आहे. पण सीनायवरच्या घोषणेत हा वाक्प्रचार चालणार नाही. ‘नाकावर राग’ आपण रुसणाऱ्या मुलाविषयी, तापट नातेवाइकाविषयी बोलतो. ढगात उतरलेल्या परमेश्वराच्या तोंडी ते घरगुती बोलणे शोभत नाही. तिथे मराठी शास्त्रवाचकांच्या कानाला सवयीचा असलेला ‘मंदक्रोध’ हाच शब्द मी ठेवला. नाक गेले, पण वाक्याचे गांभीर्य राहिले. मूळ शब्द एक असला, तरी दोन ठिकाणी दोन निर्णय घ्यावे लागतात हे मी तिथे शिकले.

शिंगाच्या बाबतीत साम्यानेच मला फसवले. ‘केरेन’ म्हणजे शिंग. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्ना, वर्षानुवर्षे वांझ म्हणून सवतीचे टोमणे सोसलेली स्त्री, मूल झाल्यावर गाते की परमेश्वरामुळे माझे शिंग उंच झाले. एकशे बत्तिसाव्या स्तोत्रात परमेश्वर म्हणतो की मी दावीदासाठी शिंग फुटू देईन. आणि तिथले हिब्रू क्रियापद अंकुर फुटण्याचेच आहे. आता मराठीत ‘शिंगे फुटणे’ म्हणजे काय ते सांगायला नको. माझा पहिला मसुदा मी आमच्या घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंना वाचून दाखवला. त्या मन लावून ऐकत होत्या, पण या ओळीपाशी त्यांच्या कपाळाला आठी पडली. ‘अगं, एवढं देवानं दिलं आणि ही लगेच माजली का?’ असे त्यांनी विचारले. शब्दाला शब्द अगदी बरोबर होता, आणि अर्थ पार उलटा पोहोचला होता.

त्या प्रश्नानंतर मी बैलाचा विचार करू लागले. पोळ्याच्या दिवशी आपल्याकडे बैलांची शिंगे रंगवतात, त्यांना बेगड लावतात, शेंब्या घालतात. त्या दिवशी शिंग म्हणजे उर्मटपणा नसतो. ते त्या जनावराचे बळ आणि त्या घराचा मान असते. हन्नाचे शिंग हे पोळ्याचे शिंग आहे. म्हणजे योग्य साधारण धर्म आपल्या संस्कृतीतही आहे, फक्त ‘फुटणे’ या क्रियापदाने तो झाकला जातो. म्हणून हन्नाच्या गीतात मी ‘माझे शिंग उंचावले’ असे ठेवले आणि स्तोत्रात ‘सामर्थ्याचे शिंग उगवेल’ असे एक पद जास्त घातले. पंचाहत्तराव्या स्तोत्रात मात्र दुष्टांना ‘आपले शिंग वर करू नका’ अशी ताकीद आहे, आणि तिथे मराठी वाक्प्रचाराची छटा आपोआप, नेमकी बसते.

याच मुळावरून आलेल्या एका क्रियापदाने युरोपात मोठा घोटाळा केला होता. मोशे डोंगरावरून खाली आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याची त्वचा ‘कारान’, म्हणजे तेजाने झळकत होती. किरण शिंगांसारखे बाहेर पडावेत तशी. जेरोमच्या लॅटिन अनुवादात तिथे ‘शिंगे असलेला’ अशा अर्थाचा शब्द आला, आणि रोममध्ये मायकेलँजेलोने घडवलेल्या मोशेच्या डोक्यावर आजही दोन शिंगे आहेत.

शरीराच्या आतल्या अवयवांकडे वळले की मराठी अनुवादकाला आपल्या भाषेचा खरा अभिमान वाटतो. इंग्रजी वाचून हिब्रू शिकणाऱ्याला ‘आतड्यांनी कळवळणे’ विचित्र वाटते. आपल्याला वाटत नाही. संदेष्टा यिर्मया एफ्राइमाविषयी, म्हणजे इस्राएलाच्या उत्तरेकडच्या राज्याविषयी, परमेश्वराच्या तोंडून म्हणतो की माझी आतडी त्याच्यासाठी कळवळतात. आपणही म्हणतो, आतडे तुटते. करुणेसाठी हिब्रू शब्द ‘राखमीम’, आणि त्याचे नाते ‘रेखेम’ म्हणजे गर्भाशयाशी. शलमोनापुढे दोन बायका एका मुलावर हक्क सांगतात आणि राजा तलवार मागवतो, त्या वेळी खऱ्या आईची राखमीम पेटून उठते. तिथे ‘तिला दया आली’ असे लिहिणे म्हणजे त्या आईवर अन्याय आहे. ‘पोटच्या पोरासाठी तिचे आतडे तुटले’ हेच वाक्य मराठीत यायला हवे, आणि ते कुठूनही उसने आणावे लागत नाही.

विलापगीताच्या दुसऱ्या अध्यायात, नगराच्या रस्त्यांवर तान्ही मुले भुकेने मूर्च्छित पडलेली पाहून कवी म्हणतो की माझे ‘कावेद’ जमिनीवर ओतले गेले आहे. कावेद म्हणजे यकृत. आपले ‘काळीज’ आज बहुतेकांना हृदय वाटते, पण मटणाच्या दुकानात काळीज मागितले तर यकृतच मिळते. काळजाचे पाणी पाणी होणे आणि काळीज जमिनीवर ओतले जाणे, या दोन प्रतिमांमध्ये एका ओंजळीचे अंतर आहे. मी तिथे ‘माझे काळीज मातीत सांडले’ असे लिहिले. वर्षभरात इतक्या निःशंकपणे लिहिलेली ओळ दुसरी नाही.

आणि तरीही लगेच शेजारी खड्डा आहे. ‘लेव’ म्हणजे हृदय, पण हिब्रू माणूस हृदयाने मुख्यतः विचार करतो. होशेय एफ्राइमाला ‘हृदय नसलेले भोळे कबुतर’ म्हणतो. मराठीत हृदयशून्य म्हणजे क्रूर. होशेयाला म्हणायचे आहे बुद्धिहीन, कधी मिसराकडे तर कधी अश्शूराकडे उडणारे. तिथे ‘अक्कल नसलेले कबुतर’ असेच म्हणावे लागते. मूत्रपिंडांचीही तीच गत. सोळाव्या स्तोत्रातला कवी म्हणतो की रात्री माझी मूत्रपिंडे मला शिकवण देतात. यज्ञाचा पशू कापताना चरबीत दडलेला हा अवयव शरीरात अगदी खोल सापडतो, म्हणून तो माणसाच्या सर्वांत आतल्या, कोणाला न दिसणाऱ्या जाणिवेची खूण झाला. आजच्या मराठी वाचकाला मूत्रपिंड म्हटले की दवाखाना आठवतो. ‘अंतर्याम’ हा शब्द इथे निमूटपणे स्वीकारावा.

प्रतिमा सोडून आशय लिहिण्याची ही वाट सोपी असते, म्हणूनच तिची मला भीती वाटते. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियात झालेल्या ग्रीक अनुवादात परमेश्वराला ‘खडक’ म्हणणे बहुतेक ठिकाणी टाळलेले आहे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात मोशेच्या गीतात ‘खडक’ पुन्हा पुन्हा येतो, आणि ग्रीकमध्ये त्या जागी सरळ ‘देव’ आहे. मूर्तिपूजेच्या वातावरणात देवाला दगड म्हणायला ते कचरले असावेत, असे मला वाटते. पण त्या गीतात एक ओळ अशी आहे की, ज्या खडकाने तुला जन्म दिला, त्याला तू विसरलास. खडक आणि बाळंतपणाच्या वेणा एकाच ओळीत आहेत. ‘देव’ लिहिताच ती ओळ सपाट होते. मराठीत ‘दगड’ म्हणजे मठ्ठ किंवा निष्ठुर हे खरे, परंतु सह्याद्रीच्या कड्यावरचे गड पाहिलेल्या माणसाला खडक म्हणजे आसरा हे समजावून सांगावे लागत नाही.

भूगोल कधी कधी असा अनपेक्षितपणे मदतीला येतो. ईयोब आपल्या मित्रांना वाहाळासारखे दगाबाज म्हणतो: पावसाळ्यात दुथडी भरलेला आणि उन्हाळ्यात, तहानलेले तांडे आशेने वळतात तेव्हा, ठणठणीत कोरडा. तिथे ‘नदी’ लिहिणाऱ्याने दुष्काळी माण-खटावातला ओढा एकदा मे महिन्यात पाहावा.

कानाफकडे परत येते. मागच्या हिवाळ्यात अलिबागच्या सिनेगॉगमध्ये एका वयोवृद्ध बेने इस्राएल गृहस्थांनी मला आपली प्रार्थनेची शाल दाखवली. बेने इस्राएल म्हणजे शतकानुशतके कोकणात राहिलेले आणि घरात मराठी बोलणारे ज्यू. 1874 साली पुण्यात त्यांच्या वल्हांडणाच्या विधीचे पुस्तक हिब्रू आणि मराठीत छापले गेले होते. त्या गृहस्थांनी शालीचा एक कोपरा तळहातावर घेतला. त्याला आठ पदरी दोरा, त्याला पाच गाठी. गणनेच्या पंधराव्या अध्यायात वस्त्राच्या कोपऱ्यांना हे गोंडे लावायची आज्ञा आहे, आणि कोपऱ्यासाठी शब्द कानाफ. ते म्हणाले, ‘हा कानाफ. लहानपणी वडील प्रार्थनेला उभे राहिले की आम्ही मुलं या शालीखाली शिरायचो.’ पंख आणि वस्त्र हे दोन अर्थ कसे एक होतात, ते मला तिथे समजले.

तोवर मी बरेच शब्द पारखून सोडले होते. ‘पदर’ फार जवळचा, पण तो स्त्रीचा. बवाजच्या अंगावर तो कसा घालावा? ‘उपरण्याचे टोक’ मोहात पाडणारे होते, कारण आपल्या लग्नात नवऱ्याच्या उपरण्याची आणि नवरीच्या शालूची गाठ बांधतात, त्यामुळे विवाहाचा अर्थ आपोआप आला असता. पण दुसऱ्या अध्यायात परमेश्वराच्या उपरण्याखाली आश्रय घ्यायला लावणे मला शक्य नव्हते. पंडिता रमाबाईंची मला त्या दिवसांत वारंवार आठवण होत असे. संस्कृतात पारंगत असलेल्या या बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा आधार घेऊन संपूर्ण बायबल मराठीत आणले, तेही खेड्यातल्या साध्या बायकांना कळावे म्हणून. 1922 साली त्या वारल्या आणि 1924 साली ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्यांच्या त्या हेतूचा विचार करतानाच, बायका रोज काय बोलतात याकडे मी कान दिला आणि शब्द सापडला: पाखर.

घोड्याच्या अंगावर घालायचे आच्छादन म्हणजे पाखर. आणि ‘मायेची पाखर घालणे’ म्हणताना कोंबडी पिलांवर पंख पसरते तेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. आच्छादन आणि पंख, दोन्ही एकाच शब्दात. आता बवाज शेतात म्हणतो, ‘ज्याच्या पाखरीखाली तू आश्रयाला आली आहेस, तो परमेश्वर तुला पुरेपूर प्रतिफळ देवो,’ आणि खळ्यावर रूथ म्हणते, ‘आपली पाखर या दासीवर घाला.’ धागा जुळला. यात एक उणीव आहे आणि ती मला बोचते: पाखर ही आईबापांची असते, आणि बवाज रूथला ‘मुली’ म्हणूनच हाक मारतो, त्यामुळे विवाहाची मागणी पुसट होते. ती मागणी पुढच्या ‘सोडवणूक करणारे नातलग’ या शब्दांवर सोपवली आहे. ते शब्द एवढे ओझे पेलतील का, हे सासू नामीने रूथकडून सगळी हकिकत ऐकल्याचा प्रसंग उतरवताना पुन्हा तपासते आहे.

रूथ संपल्यावर शमुवेलाचे पहिले पुस्तक हाती घ्यायचे आहे. त्याच्या चोविसाव्या अध्यायात दावीद गुहेच्या अंधारात शौलाच्या झग्याचा कानाफ हळूच कापून घेतो आणि नंतर त्याचे मन त्याला खाते. तिथे पाखर उपयोगाची नाही. सध्या मी समासात ‘काठ’ असे लिहून ठेवले आहे.