पीटीझेड कॅमेरा: जॉयस्टिक सोडल्यावर ऑटो ट्रॅकिंग परत सुरू होतं का?

बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीतल्या मोठ्या आवारात खांबावर एक पीटीझेड, म्हणजे आडवा-उभा फिरणारा आणि झूम होणारा कॅमेरा बसतो, ऑटो ट्रॅकिंग (हलणाऱ्या माणसामागे किंवा वाहनामागे आपोआप फिरणं) चालू करून दिलं जातं. मग कधीतरी गार्ड जॉयस्टिकने कॅमेरा गेटकडे वळवतो आणि तो रात्रभर गेटकडेच पाहत राहतो. तक्रार येते, ‘ट्रॅकिंग बंद पडलं.’ ते बंद पडलेलं नसतं. हाताने फिरवलेला कॅमेरा किती वेळाने आणि कुठे परत जायचा, हे कोणी सेट केलेलं नसतं, एवढंच.

मेनूत हे पार्क किंवा आयडल या नावाने सापडतं. आधी सगळं आवार दिसेल असा रुंद व्ह्यू लावून तो प्रीसेट १ (कॅमेऱ्याने लक्षात ठेवलेली दिशा आणि झूम) म्हणून सेव्ह करा. रेषा ओलांडणे किंवा क्षेत्रात शिरणे हा नियम त्याच व्ह्यूवर आखा, टार्गेटमध्ये माणूस आणि वाहन एवढंच ठेवा आणि नियमाला ट्रॅकिंग जोडा. मग पार्कमध्ये प्रीसेट १ निवडून वेळ भरा. पाच सेकंद ठेवले तर ऑपरेटर नंबरप्लेट वाचतोय तोवर कॅमेरा निघून जातो. दहा मिनिटं ठेवली तर तेवढा वेळ बाकीचं आवार उघडं. साधारण ३० ते ६० सेकंद ठीक. वजनकाट्यावर कागद तपासायचे असतील तर थोडे जास्त.

ट्रॅकिंगचा कालावधी ही वेगळी सेटिंग आहे, तिची पार्कशी गल्लत करू नका. एका टार्गेटमागे कॅमेरा किती वेळ जाईल, ते इथे ठरतं. काही कॅमेऱ्यांत इथे शून्य भरलं की मर्यादाच राहत नाही आणि एखादा ट्रक हळूहळू मागेपुढे होत असेल तर कॅमेरा त्यालाच चिकटून बसतो. माल चढवण्या-उतरवण्याच्या जागी ही मर्यादा हवीच. झूमही बेताने द्या. माणूस फ्रेमभर आला की तो वळताच निसटतो. फ्रेमच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा दिसला तरी पुरे.

बऱ्याच कॅमेऱ्यांत मधला मार्गही असतो: लाइव्ह चित्रात टार्गेटवर क्लिक करायचं, पाठलाग कॅमेरा करतो. संशयित कोण हे माणसाने ठरवायचं आणि मान फिरवायचं काम मोटरवर सोपवायचं, ही विभागणी मला सगळ्यात पटते. नुसत्या जॉयस्टिकवर चित्र अर्धा-एक सेकंद उशिरा येतं, त्यामुळे ऑपरेटर हमखास पुढे निघून जातो. पॅनचा वेग कमी ठेवा, आणि झूम वाढेल तसा वेग आपोआप घटण्याची सोय असेल तर ती चालू करा.

गर्दीत ऑटो ठेवूच नये. मारबतीची मिरवणूक महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून जात असताना किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर कॅमेरा या डोक्यावरून त्या डोक्यावर उड्या मारेल आणि धड एकही चेहरा हाती लागणार नाही. तिथे ठरलेले प्रीसेट आणि जॉयस्टिकवर माणूस. कारखान्यात पाळी बदलते तेव्हाही तेच. शेड्यूलमध्ये ती वेळ वगळा.

नागपूरच्या हवामानाचे त्रास वेगळे. मे महिन्यात दुपारी तापलेल्या डांबरावरून हवा थरथरते, लांबच्या झूमवर माणसाची कडा विरघळते आणि टार्गेट सुटतं. लेन्स बदलून हे सुधारत नाही. जवळच्या अंतरावर दुसरा कॅमेरा लावा. पावसाळ्यात आयआरच्या (रात्री दिसण्यासाठीच्या इन्फ्रारेड दिव्याच्या) उजेडावर किडे येतात, काचेपुढे कोळी जाळं विणतो. काच पुसत राहा आणि शक्य असेल तर आयआरचा दिवा कॅमेऱ्यापासून दूर, वेगळा लावा. वादळी वाऱ्यात बारीक खांब हलतो, तेव्हा कॅमेऱ्याला सगळं आवारच हलताना दिसतं. पीटीझेडला जाड खांब किंवा भिंत द्या.

रात्री पाठलाग सुरू होताच कॅमेरा रीबूट होत असेल तर सॉफ्टवेअर तपासण्याआधी वीज मोजा. मोटर आणि आयआर एकदम चालू झाले की भार वाढतो. ३० वॅटच्या पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या) पोर्टमधून कॅमेऱ्यापर्यंत २५.५ वॅटच पोहोचतील असं मानक सांगतं, तेही चांगल्या केबलवर १०० मीटरपर्यंत. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल वाटेतच बरंच खाते. कॅमेऱ्याची वॅटची गरज डेटाशीटमध्ये बघूनच इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा डबा) घ्या.

पीटीझेड एकाच्या मागे गेला की उरलेलं आवार त्याच्यापुरतं आंधळं असतं, आणि प्रीसेट १ वर आखलेला नियमही तोवर काम करत नाही. म्हणून गेट आणि कंपाउंडचे कोपरे यांवर साधे स्थिर कॅमेरे हवेतच. गिऱ्हाईक खर्च वाचवायला तेच आधी कापतं. तिथे ठाम राहा.

काम ताब्यात देण्याआधी चाचणी रात्रीच घ्या. एक माणूस सरळ चालवा. दोघांना एकमेकांना ओलांडून जाऊ द्या. कॅमेरा चुकीच्या माणसामागे गेला तर झूम आणखी कमी करा. एकाला ट्रकमागे मिनिटभर थांबवा. शेवटी जॉयस्टिकने कॅमेरा भलतीकडे वळवून कॅमेऱ्याची वीज काढा आणि परत द्या. नागपुरात वादळ आलं की लाइन जातेच, आणि लाइन आल्यावर कॅमेरा आपोआप प्रीसेट १ वर यायला हवा. आला नाही तर पॉवर-ऑफ मेमरीची सेटिंग तपासा.