हौद्यातलं घर: आधी काटा, मग प्लाय

पिकअपच्या हौद्यात चढवायचा आणि परत आल्यावर उतरवून ठेवायचा कॅम्पर, म्हणजे राहायची छोटी खोली, करायचा म्हटलं की चर्चा गादीची लांबी, ओटा आणि सोलरवरच सुरू होते. नाशिकच्या अंबड-सातपूरला फॅब्रिकेशनवाल्यांची कमी नाही; चित्र दिलं की ते करून देतील. त्याआधी आरसी काढा. रिकाम्या गाडीचं वजन आणि बोज्यासह कमाल वजन असे दोन आकडे त्यात असतात. त्यांतला फरक एवढीच तुमची शिल्लक.

खासगी नोंदणीच्या डबल कॅब पिकअपमध्ये ही शिल्लक अनेकदा अर्ध्या टनाच्याही आत असते. धरा 450 किलो. दोन माणसांचे 150 गेले, उरले 300. साठ लिटर पाणी म्हणजे 60 किलो, टाकी वेगळी. पाच किलोवाला सिलिंडर भरलेला दहा-बारा, 100 एएचची (अँपिअर-तास) लिथियम बॅटरी साधारण 12 (लेड-ॲसिड घेतलीत तर तीसच्या आसपास), फ्रिज 20, अंथरूण-भांडी-शिधा-हत्यारं 60. सांगाड्याला राहिले जेमतेम 130. आणि 19 मिमी प्लायचा 8 बाय 4 चा एक अख्खा शीट पस्तीस किलोच्या पुढे जातो! म्हणून अशा गाडीवर ॲल्युमिनियमचा सांगाडा, पातळ पॅनेल आणि वर उचलणारं कॅनव्हासचं छत, एवढंच परवडतं. शॉवर, टॉयलेट विसरा. बोलेरो पिकअप किंवा टाटाची योद्धा एक टनापेक्षा जास्त वाहते, तिथे वजनाचा जाच नाही. पण हलक्या बोज्यावर तिचे पाटे (लीफ स्प्रिंग) इतके आदळतात की कपाटांचे स्क्रू आपोआप सुटायला लागतात. तिथे लाकडात मारायच्या स्क्रूऐवजी नट-बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज न सुटणारे) वापरा.

एकूण वजन बसलं म्हणजे काम झालं असं नाही. ते कुठे बसलंय हे त्याहून महत्त्वाचं. लासलगाव, पिंपळगावकडे कांद्याच्या ट्रॅक्टरसाठी वजनकाटे आहेतच. लिलावाची रांग नसेल अशी वेळ गाठा. आधी कॅम्परशिवाय फक्त पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी. नंतर पाणी-सामानासह कॅम्पर चढवून पुन्हा तेच. दोन्ही वेळा डिझेल तेवढंच आणि माणसं तीच हवीत. समजा भरलेल्या कॅम्परने एकूण वजन 300 ने वाढलं, पण पुढच्या चाकांवरचं 20 ने कमी झालं. 20 भागिले 300, गुणिले व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, अशा गाड्यांत सुमारे 3.1 मीटर): उत्तर येतं वीस सेंटिमीटर. म्हणजे कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या वीस सेंटिमीटर मागे लटकतोय. पुढचं वजन वाढायलाच हवं, थोडं का होईना. पाण्याची टाकी आणि बॅटरी केबिनच्या भिंतीला टेकवा, स्वयंपाकाचं सामान मागे. पाणी संपत गेलं की मध्य मागे सरकतो, म्हणून टाकी रिकामी ठेवूनही एकदा काटा करा.

हे न करता मागची बाजू बसली म्हणून लोक पाट्यांजवळ हवा भरायच्या एअर बॅग टाकतात. बूड उचललं जातं, वजन मात्र कमी होत नाही. उलट पाट्यांच्या दोन टोकांवर वाटला जाणारा भार चेसिसच्या एकाच बिंदूवर येतो, आणि डबल कॅबचा चेसिस केबिनमागे वाकतो तो बहुतेक अशाने. त्यापेक्षा कमानवाल्याकडून (पाट्यांचं काम करणाऱ्याकडून) बोज्याला साजेसा एखादा पाटा वाढवून घ्या. यू-बोल्ट नवे टाका, काही दिवस चालवून पुन्हा आवळा.

कॅम्पर बांधायचा तो चेसिसला कंस (ब्रॅकेट) लावून. हौद्याच्या पत्र्याच्या कडांना हुक अडकवले की पत्रा फाटतो. खडबडीत रस्त्यावर हौदा आणि केबिन वेगवेगळे पिळतात, म्हणून टर्नबकल (फिरवून ताण द्यायचे बांधणीचे स्क्रू) स्प्रिंगवाले हवेत आणि केबिनच्या टपापासून त्यावर येणाऱ्या कॅम्परच्या पलंगापर्यंत किमान चार बोटं मोकळी. खाली गोठ्यात गाईंसाठी अंथरतात ती जाड रबरी मॅट टाका. सरकणं थांबवायला याहून स्वस्त आणि चांगलं काही नाही. पुढे लाकडी ठोकळा, म्हणजे कसारा घाटात करकचून ब्रेक लागला तरी कॅम्पर केबिनवर येणार नाही. कॅम्पर चढवा-उतरवायचे कोपऱ्यांतले जॅक निघणारे असतील तर काढून घरीच ठेवा. वजन वाचतं आणि बांध उतरताना मागचे दोन अडकत नाहीत.

गॅस हवेपेक्षा जड. सिलिंडरच्या कप्प्याला बाहेर उघडणारं भोक तळाशी हवं, वर नाही.

आता रस्ता. निफाड-येवल्याकडची काळी माती भिजली की टायरच्या नक्षीत भरते, मडगार्डमध्ये गच्च बसते आणि चाक नुसतं घसरतं. फोर व्हील ड्राइव्ह तिथे शोभेला. पावसानंतर ऊन पडून वर पापुद्रा धरला तरी खाली लोणी असतं. काठीने टोचून बघा. पेठ, हरसूल, सुरगाण्याकडे चिखलापेक्षा आडवा उतार घातक, कारण टपावरचं वजन गाडीला खालच्या बाजूला ओढतं. तिरकं जाऊ नका, सरळ चढा, सरळ उतरा. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. कॅम्परच्या बंद डब्यात हवा असते, तो तरंगायला बघतो आणि मागच्या चाकांची पकड जाते.

कच्च्यात शिरताना टायरची हवा पाव भाग कमी करा आणि वेग चाळीसच्या आत ठेवा. डांबरीवर येताच परत भरा, कारण कमी हवेवर जड गाडी पळवली की टायरची बाजू तापून फाटते. एकूण उंची मोजून स्टिअरिंगजवळ लिहून ठेवा: मळ्यांतल्या लोंबत्या वीजतारा आणि वडाच्या पारंब्या केबिनमधून दिसत नाहीत, दुसऱ्या माणसाने उतरूनच बघायचं.